मी जाऊ का?

"दिवसा?" गुलाबराव लांजेवारांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "बाई, आमच्या झाडीत दिवसा धान कापतेत. नाटक राती होते. दिवसा नाटक पाह्यले फक्त बैलं येतीन."

निरूदींनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलांचं वाक्य गाळून बाकीचं हिंदीत सांगितलं.

"त्यांना सांग, दिव्यांचा ट्रक भंडाऱ्याजवळ ॲक्सल तुटून पडलाय. आज तो येत नाही आणि उद्या सकाळी आपल्याला पुढे निघायचंय. देवानं सूर्य दिलाय, तो वापरू. दुपारी उन्हं कलली की सुरू."

गुलाबरावांनी मान हलवली. आमच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या नाटक कंपनीचे ते मालक होते आणि हा प्रयोग त्यांच्याच खटपटीने ठरला होता. झाडीपट्टीत म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात नाटकाचं वेड असं की लेकीचं लग्न एक वेळ लांबेल, पण गावचं नाटक लांबणार नाही. त्यामुळे गुलाबराव आम्हाला बिचकत नव्हते. शाळेच्या पटांगणावर आमचे लोक पायऱ्यांचा सेट जोडत होते, तो ते कमरेवर हात ठेवून पाहत होते.

"राष्ट्रीय नाट्यमंडळी," बसवर लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं. "राष्ट्रीय म्हंजे कसं हो? आपला राष्ट्रीय पक्षी मोर आहे. त्याले नाचता येते. तुमच्या नाटकात नाच आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"गाना?"

"एक आहे. शेवटी."

"शेवटी!" ते कळवळून म्हणाले. "तोवर कोन थांबन वो?"

मी याच कुंभीबांधची. सत्यशीला कापगते. आम्ही कोहळी समाजाचे. आमच्या लोकांनी या भागातले तलाव, आमच्या बोलीत 'तरे', खोदले, हे ऐकतच मी मोठी झाले. नागपूरला कॉलेजात असताना दिल्लीच्या या संस्थेचं शिबिर आलं होतं. ते घ्यायला निरुपमा बरुआ आल्या होत्या. बाई आसामच्या, अंगाने काटकुळ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज असा की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस उठून बसेल. सगळे त्यांना निरूदी म्हणत. शिबिर संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आवाजात पाणी आहे. जीभ मात्र दगडाची आहे. दिल्लीला ये, फोडू."

आणि त्यांनी ती फोडली. रोज पहाटे मला समोर बसवून हिंदीचे उच्चार घासून घेतले. माझा 'न' आणि 'ण', माझे हेल, वाक्याच्या शेवटी आवाज ओढायची आमची खोड, सगळं काढलं. त्या स्वतः अशाच घासल्या गेल्या होत्या. देशाच्या रंगमंचावर उभं राहायचं तर साऱ्या देशाला कळेल असं बोलता आलं पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या स्वतःच्या हिंदीतून आसामी डोकावायची ती फक्त राग आला की. मला या कष्टांचा कधी राग आला नाही. गावातल्या एका बापाविना वाढलेल्या पोरीसाठी कुणी रोज पहाटे उठतं, हेच मला केवढं तरी वाटायचं.

आमच्या नाटकाचं नाव होतं 'रीता ताल', म्हणजे कोरडा तलाव. गावाने तलाव खोदलाय, पाणी लागत नाही. भगत सांगतो, मुखियाची धाकटी सून बळी म्हणून तळाशी उतरली तर पाणी लागेल. सगळा गाव हळूहळू त्याला तयार होतो. ती सून मी. शेवटच्या प्रवेशात ती तलावाच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहते, गावाकडे म्हणजे प्रेक्षकांकडे वळते आणि विचारते, "क्या मैं जाऊँ?" कुणी बोलत नाही. ती उतरू लागते.

पायऱ्या रंगमंचाच्या मागच्या कडेला होत्या आणि पलीकडच्या बाजूला खाली जात. प्रेक्षकांना मी पायरीपायरीने बुडत गेल्यासारखी दिसायचे. आधी कंबर, मग खांदे, मग केस. मोठमोठ्या शहरांत त्या क्षणी सभागृह असं शांत व्हायचं की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. वर्तमानपत्रांतून त्या शांततेवर लिहून आलं होतं. निरूदी म्हणायच्या, "ती शांतता हेच आपलं नाटक."

सेट लागेपर्यंत मी घरी जाऊन आले.

माय अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि परत सूप उचललं. पुष्कळ महिन्यांनी आलेल्या लेकीचं तिच्याकडून एवढंच स्वागत व्हायचं. मला त्याचं वाईट वाटत नसे. माझी मोठी बहीण देवका गेल्यापासून ती अशीच झाली होती. देवका लग्नानंतर दोन वर्षांनी सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं तिच्या सासरचे म्हणाले. तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर मायनं कुणाला कशासाठी 'जा' म्हटलं नाही आणि 'राह्य' असंही म्हटलं नाही. मी दिल्लीला निघाले तेव्हा ती दारात उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले होते. ती फक्त उभी होती.

"माय, दुपारी शाळेपाशी नाटक आहे. माझं."

"आयकलं."

"येशील?"

तिने सूप झटकलं. कोंडा उडाला. "तांदूर पाखडाचे आहेत," ती म्हणाली.

मी फार आग्रह केला नाही. देवका गेल्यापासून ती लग्नाला, बारशाला, कुठेच जात नव्हती, तर नाटकाला कुठून येणार?

बैल आले नाहीत, पण माणसं आली. पटांगण भरलं. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, विळे कमरेला खोचून थेट धानाच्या बांधीतून आलेले गडी, पुढे तरटावर म्हातारी माणसं. आमच्या दिल्लीच्या नटांना इतके प्रेक्षक पाहून हुरूप आला. मला मात्र धाकधूक होती. मला ही माणसं ठाऊक होती. नाटक कळो न कळो, टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्यांतली ती नव्हती. नाटक हा त्यांचा घरचा विषय होता.

पहिल्याच प्रवेशात कुरबुर सुरू झाली. सिनेमातली हिंदी त्यांना कळायची. आमच्या नाटकातली जड, कवितेसारखी हिंदी कळेना. मुखियाचं काम करणारा अवधेश तिवारी अलाहाबादकडचा, मोठ्या आवाजाचा, देखणा नट. त्याचं लांबलचक स्वगत चालू असताना मागून कुणीतरी म्हणालं, "पोथी लावली का गा?" हशा पिकला. माझं वाक्य आलं तेव्हा तरटावरची एक म्हातारी अगदी शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे तं भागरताची पोट्टी व्हय. इच्या तोंडाले का झालं?"

भागरता म्हणजे माझी माय.

मध्यंतरापर्यंत मागची गर्दी विरळ झाली होती. माणसं रागाने नव्हे, कामं आठवून उठत होती. गुलाबराव पडद्यामागे आले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा उरली नव्हती. आपल्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्याला घास गिळवेनासा झाला, की यजमानाचा होतो तसा चेहरा.

"बाई, मी माझा पेटीवाला बसवू का? दोन गाने होऊ द्या. लोक थांबतीन."

निरूदींनी त्यांचं ऐकून घेतलं. त्या माझ्याजवळ आल्या. "ती पुढची म्हातारी काय म्हणाली तुला?"

"काही नाही."

"शीला, मी तुला विचारतेय."

मी सांगितलं. माझ्या तोंडाला काय झालं, असं म्हणाली.

निरूदी पेटाऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "दुसरा अंक तू तुझ्या बोलीत बोल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अवधेश पगडी बांधत होता, त्याचा हात थांबला. "दीदी, हे कसं शक्य आहे? मी हिंदीत बोलणार, ही कशात तरी उत्तर देणार? हे राष्ट्रीय रंगमंचाचं नाटक आहे, जत्रा नाही."

"अवधेश, राष्ट्र बाहेर तरटावर बसलंय," निरूदी म्हणाल्या, "आणि ते उठून चाललंय." त्यांच्या हिंदीत आसामी उतरली होती, म्हणून अवधेश पुढे बोलला नाही.

"निरूदी, मला जमणार नाही," मी म्हणाले. "ती भाषा मी… तुम्हीच तर काढून टाकलीत."

"माहीत आहे मला काय केलंय ते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तालीम नाही, लिहून काढायला वेळ नाही. शब्द विसर. ती सून आहे आणि तिला मारायला निघालेत. तिला जे म्हणायचंय ते तुझ्या घरात जसं म्हणतील तसं म्हण."

दुसरा अंक सुरू झाला. माझं पहिलं वाक्य सासऱ्याला उद्देशून होतं. हिंदीत ते चार ओळींचं होतं. मी तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच, "मामाजी, तराले पानी नाई लागलं, त्यात माहा का गुन्हा?"

पटांगणावर एक हालचाल झाली. ज्यांनी जायला पाठ फिरवली होती ते वळले. तरटावरची म्हातारी म्हणाली, "हां, आता बोलली."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मी शब्द शोधत नव्हते, ते आधीच तिथे होते. अवधेशचीही गंमत झाली. त्याला माझं बोलणं कळत नसल्यामुळे तो पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत होता आणि त्याची ती भरजरी वाक्यं आपोआप आखूड होत चालली होती. भगत झालेला केरळचा नट तर मधेच मल्याळमवर घसरला. लोकांना ते चाललं. भगताची भाषा कळू नये हेच त्यांना रास्त वाटलं असावं.

शेवटचा प्रवेश आला. ऊन पिवळं झालं होतं. मी पायऱ्यांवर उभी राहिले आणि वळले. समोर काळोखातलं सभागृह नव्हतं. प्रत्येक चेहरा दिसत होता. माझ्या शाळेतल्या बाई, पिठाच्या गिरणीवाला, आमच्या शेजारच्या काकू. मी विचारलं, "मी जाऊ का?"

शांतता पडली. नेहमीसारखी. मी एक श्वास घेतला, कारण निरूदींनी तेवढाच शिकवला होता, आणि पाय उचलला.

"नोको जाऊ."

आवाज मागून आला. घोगरा, न वापरलेला आवाज. मी ओळखला, पण विश्वास ठेवला नाही. बाया वळून बघत होत्या. त्यांच्यामधून माय उभी राहिली होती. लुगड्यावर तांदळाचा कोंडा तसाच होता.

"नोको जाऊ, माही बाई," ती म्हणाली, आणि मग ओरडली, "काई जाऊ नोको! कोनासाठी जाते? बस इथंच!"

माझा पाय पायरीवर टेकला नव्हता. तो हवेतच राहिला. तिच्या शेजारची बाई उठली, "नोको जाऊ वो पोरी." मग आणखी दोघी. मग आवाज कुणाचे हे कळेनासं झालं. नाटकात काम करताना आपण कोण आहोत हे नटाला एका कोपऱ्यात ठाऊक असतं. त्या वेळी माझा तो कोपरा रिकामा झाला. मी विंगेत पाहिलं. निरूदी तिथे उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला असता, उतर अशी खूण केली असती, तर मी उतरले असते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

तेव्हा अवधेश पुढे आला. याच माणसाने तासाभरापूर्वी जत्रा म्हटलं होतं. त्याने डोक्यावरची मुखियाची पगडी काढली, खाली ठेवली आणि नाटकात नसलेलं एक वाक्य आपल्या आजोळच्या अवधी बोलीत म्हणाला, "ना जा, बिटिया."

"मंग तराले पानी कसं लागन?" गर्दीतून एका गड्याने खणखणीत विचारलं. त्याला खरंच काळजी पडली होती.

"खोदल्यानं लागन!" तरटावरचा एक म्हातारा त्याच्यावर खेकसला. "आपल्या बापजाद्याईनं पोरी बुडवून तरे बांधले का रे? खोदा अजून!"

सेटवर कुदळी, घमेली होतीच. अवधेशने कुदळ उचलली. खेकसणारा म्हातारा त्याची कुदळ धरायची पद्धत पाहून न राहवून रंगमंचावर चढला आणि त्याच्यामागे दहा-पंधरा जण. लाकडी फळ्यांवर खोदण्याचा आवाज होऊ लागला. शेवटचं गाणं मरणाचं होतं, ते कुणी म्हटलं नाही. गुलाबरावांनी आपल्या पेटीवाल्याला खूण केली आणि तलावाच्या पाळीवर माती टाकताना आमच्याकडे म्हणतात ते गाणं बायांनीच सुरू केलं. आमचं नाटक कुठे संपलं ते मला सांगता येणार नाही.

मी घाबरत पडद्यामागे आले. लिहिलेला शेवट मोडला होता. निरूदी पुन्हा त्याच पेटाऱ्यावर बसल्या होत्या, चपला काढून.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मी थांबायला नको होतं."

"इतक्या गावांत, शहरांत आपण हा प्रश्न विचारला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लोक गप्प बसत. मी समजत होते, ते हेलावून गप्प बसतात. शीला, ते गप्प होते, कारण आपण त्यांना विचारलंच नव्हतं. आपण आपल्याशीच बोलत होतो, आणि ते सभ्यपणे ऐकत होते." मग त्यांनी मला जवळ ओढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पहाटे उठवून उठवून मी तुझं काय काय पुसलं गं."

"तुम्ही नसता आणलंत तर मी या पायऱ्यांवर उभीच नसते," मी म्हणाले. ते खरंच होतं आणि आजही आहे.

माय आली तेव्हा दिवस मावळत होता. गुलाबरावांनी सगळ्यांना चहा सांगितला होता. माय निरूदींच्या समोर जमिनीवर बसली. निरूदीही पेटाऱ्यावरून उतरून खाली बसल्या. मी दोघींच्या मधे.

"तू येणार नव्हतीस," मी मायला म्हणाले.

"नव्हतो येत. शेजारचीनं आवाज देला, 'तुही पोरगी आपल्यावानी बोलून राह्यली.' मी सूप टाकून आलो." कप हातात तसाच. "देवकानं असंच इचारलं होतं."

"काय?"

"तू शाळेत गेली होतीस. ती माहेरी आलती आठ दिस. तिचा नवरा न्याले आला. दारात उभी राहून तिनं इचारलं, 'माय, मी जाऊ का?' मी पाखडत होतो. मले वाटलं, जा म्हटलं तं पोरीले वाटन हाकलते, राह्य म्हटलं तं लोक म्हनतीन लेक घरात बसवली. मी काई बोललो नाई. सूप हालवत राह्यलो. ती गेली." तिने चहाचा एक घोट घेतला. "तेच शबद होते, शीले. तसेच्या तसे."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या घरात मी वाढले, आणि मला ठाऊक नव्हतं. निरूदींना सांगायला मी तोंड उघडलं, पण हिंदीत ते वाक्य बनेना. अवधेश शेजारी बसून ऐकत होता. त्याला किती कळलं देव जाणे, पण मायच्या चेहऱ्यावरून आणि ओळखीच्या शब्दांवरून त्यानेच तुटक तुटक सांगितलं. निरूदींनी मायचा हात धरला.

मग मायनंच विचारलं, "उद्या कोनत्या गावी?"

"राजनांदगाव," मी म्हणाले.

"तिथं हे असंच होते? ही इचारन आन कोनी बोलन?"

मी निरूदींना विचारलं. निरूदी जरा विचार करून म्हणाल्या, "यापुढे असं करू. ज्या गावी जाऊ तिथल्या बायांकडून हा एक प्रश्न त्यांच्या बोलीत शिकायचा. कुणी 'नको जाऊ' म्हटलं तर ही थांबेल. कुणी नाही म्हटलं तर हिला उतरावं लागेल. ते त्या गावावर."

मी मायला सांगितलं. ती लगेच उठली. "मंग मी येतो."

"कुठं?"

"तुमच्या मोटारीत. कोनी नाई बोललं तं?"

निरूदी हसल्या, पण त्यांनी एक अट घातली. "आई, तुम्ही या. पण तुम्ही बोलायचं नाही. ते त्यांनीच बोललं पाहिजे."

मायनं ती अट मान्य केली. आयुष्यात पहिल्यांदा ती बसमध्ये गाव सोडून चालली होती. खिडकीपाशी अवधेशच्या शेजारी बसून तिने त्याला रस्ताभर धानाच्या जाती सांगितल्या. तो प्रत्येक वेळी "जी माताजी" म्हणत होता. राजनांदगावला भाजीवालीकडून मी छत्तीसगढी प्रश्न शिकले, आणि तो विचारताच तिसऱ्या रांगेतून एक मुलगी "झन जा, नोनी!" म्हणून किंचाळली. प्रयोग संपल्यावर माय मला घाईघाईने म्हणाली, "मी काई बोललो नाई हं. तिनं आपल्या मनानं म्हटलं." पुढच्या दोन गावांतही कुणीतरी अडवलं. तिन्ही ठिकाणी कुदळी घेऊन लोक वर आले.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. मी त्याच संस्थेत नव्या मुलांना शिकवते. मुलं मणिपूरहून येतात, कच्छहून येतात, मेळघाटातून येतात. मी त्यांना हिंदी शिकवते, आणि घरची बोली विसरलात तर गाठ माझ्याशी आहे असंही सांगते. ही शिकवण निरूदींची. आमच्या 'रीता ताल'चा शेवट बदलला म्हणून वरच्यांकडे तक्रार गेली, तेव्हा त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि मला त्याची झळ लागू दिली नाही. त्यांच्यामुळे मला माझी भाषा दोनदा मिळाली, एकदा घालवून आणि एकदा परत. अवधेशच्या घरी आजही दिवाळीला कुंभीबांधचे तांदूळ जातात.

पण सांगायचं राहिलं ते त्या दौऱ्यातल्या शेवटच्या शहराचं.

शहर मोठं होतं. गार हवेचं सभागृह, मऊ खुर्च्या. तिथल्या लोकांना आमची हिंदी उत्तम कळत होती, म्हणून प्रश्न हिंदीतच होता. मी वळले. समोर काळोख. "क्या मैं जाऊँ?"

कुणी बोललं नाही.

मी एक श्वास घेतला. मग नेहमीपेक्षा जास्त थांबले, आणखी एक घेतला. अवधेश माझ्याकडे बघत होता, पण नियम नियम होता. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मी उतरू लागले. कंबर, खांदे. त्या पायऱ्या मी किती वेळा उतरले होते, पण कुंभीबांधनंतर पहिल्यांदाच. मागे तळाशी मिट्ट अंधार असे. तिथे हाताने चाचपत भिंत शोधायची आणि उभं राहायचं, एवढंच असायचं.

शेवटच्या पायरीवर माझ्या हाताला भिंत लागली नाही. हात लागला. खरबरीत, कांकणांचा.

"ये," माय म्हणाली.

"तू इथं? तू तर खुर्चीवर होतीस!"

"तू हे इचाराचा टाइम झाला का मी उठून इथं येतो. पयल्या गावापासून येतो. तू उतरलीच नाई, तुले कसं मालूम पडन?"

"पण कशाला?"

"वरून कोनी बोललं नाई," ती म्हणाली, "तं खाली कोनीतरी असाले पायजे ना वो."

वर टाळ्या सुरू झाल्या. नमस्काराला मला बोलावत होते. अवधेश वरून हाक मारत होता. मी निघाले, पण मायनं हात सोडला नाही, म्हणून मग आम्ही दोघी त्या पायऱ्या चढून वर गेलो.